घरी चिली करताना रेसिपी किती पाळायची आणि किती मोडायची?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नवीन आहात, ऑफिसच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) खाल्लेली चिली, म्हणजे मांस, मिरचीचा मसाला आणि बहुतेकदा राजमा घालून शिजवलेला दाट रस्सा, आवडली, पण शोधायला गेलात तर दहा रेसिपी दहा तऱ्हेच्या. काय बदललं तर चालतं?

मी ह्यूस्टनजवळ राहतो. दर थंडीत चार-पाचदा तरी आमच्याकडे चिली होते आणि एकदाही मागच्यासारखी झालेली नाही. पण आधी माझी फजिती ऐका.

पहिल्या वर्षी रेसिपीत 'तीन टेबलस्पून चिली पावडर' होतं. मी आपलं डब्यातलं गुंटूरचं लाल तिखट तीन मोठे चमचे ढकललं. पहिल्याच घासाला बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि दह्याचा डबा काढला. इथे चिली पावडर म्हणून जे मिळतं ती निव्वळ मिरची नसते. सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण असा तो तयार मसाला असतो. आपल्या गोडा मसाल्यासारखंच समजा. १८९०च्या दशकात टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्टने तो बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. घरी करायचा तर दोन चमचे काश्मिरी किंवा बेडगी, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगानो, चिमूटभर लसणाची पूड. (त्या जहाल पातेल्याचं काय झालं? दुप्पट राजमा-टोमॅटो घालून चार डबे फ्रीझरमध्ये. फेब्रुवारीपर्यंत पुरले.)

'खरी' चिली कोणती या वादात पडू नका. टेक्ससने १९७७ साली चिलीला राज्याचा पदार्थ ठरवलं आणि इथले कट्टर लोक म्हणतात, बीन्स घातले की ती चिलीच नाही. तिकडे ओहायोतल्या सिनसिनाटीत दालचिनी घातलेली पातळ चिली चक्क स्पॅगेटीवर ओततात. कोल्हापूर-पुण्याच्या मिसळीचं जे आहे तेच.

राजम्याच्या बाबतीत मात्र प्रयोग नको. कोरडा राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळा. मी अर्धा तास उकळतो. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं. स्लो कुकरची मंद आच त्याला पुरी पडत नाही, त्यामुळे भिजवलेला राजमा थेट त्यात टाकू नका. प्रेशर कुकरमध्ये ती भीती नाही, विकतच्या टिनच्या डब्यातला तर शिजलेलाच असतो. आणि टोमॅटो राजमा मऊ झाल्यावरच घाला. आंबटात दाणा लवकर शिजत नाही, टणक राहतो.

बाकी मोकळं रान. कांदा चांगला तांबूस होऊ द्या, मसाला तेलात अर्धा मिनिट परता, जळायला लागला तर लगेच पाण्याचा हबका. मांस नको असेल तर अख्खा मसूर, मटकी, सोया ग्रॅन्यूल्स. मला मशरूम बारीक चिरून पार कोरडे होईपर्यंत परतलेले आवडतात, खिम्यासारखा चावा येतो. धुरकट चव हवी तर चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. अर्धा कप काळी कॉफी किंवा डार्क चॉकलेटचा तुकडा घातला तर रंग आणि चव दोन्ही गडद होतात. दाटपणासाठी इथे मासा, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, लावतात. मी एकदा बेसन लावून पाहिलं. पिठल्याचा वास आला, पुन्हा नाही.

मीठ-आंबटाचा अंदाज शेवटी घ्या, आटल्यावर खारटपणा वाढतो. वर कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर आणि कॉर्न चिप्स. फरसाण घालून बघायचा मोह होईल, घाला.

दुसऱ्या दिवशी ती आळते आणि जास्त छान लागते. तिसऱ्या दिवशी वाटीभर उरलीच तर त्यात ज्वारीचं पीठ आणि थोडी कणीक मिसळा. पाणी घालू नका, चिलीच्या ओलाव्यातच पीठ भिजतं. ओल्या फडक्यावर थापून, मधे भोक पाडून, तव्यावर झाकण ठेवा. आमच्याकडे लेक यासाठीच मुद्दाम चिली उरवते.