मुलानं सांगितलं, आता पुढे काय?

प्रश्न : १७ वर्षांच्या मुलाने तो गे असल्याचं सांगितलं. तेव्हापासून खोलीतच असतो, झोपत नाही. समुपदेशनाने बदलेल का?

उत्तर : नाही. 'बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे तर नेऊच नका. त्याने नैराश्य वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याला पोखरतेय ती तुम्ही दूर लोटाल ही भीती. आजच दाराशी जाऊन म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. मी आहे." प्रश्नांची सरबत्ती नको. त्याला न विचारता कुणालाही कळवू नका, अगदी आजीलाही. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तसं नसलं, तरी झोप दोन आठवडे बिघडलेलीच राहिली तर दाखवाच.