ढगाळ दिवशी मिटणारी फुले : गझानियाची ओळख व लागवड

प्रश्न : उन्हाळी रंगीत डेझी म्हणून लावलेल्या रोपांना पिवळी, केशरी व पट्टेदार फुले आली आहेत, परंतु ती सायंकाळी मिटतात आणि ढगाळ दिवशी उमलतच नाहीत. हा रोग आहे का? झाड कोणते, आणि त्याची रोपे कशी तयार करावीत?

उत्तर : वर्णनावरून हे झाड सूर्यफुलाच्या कुळातील गझानिया असावे. खात्रीसाठी एक पान उलटून पाहावे. गझानियाच्या पानाची वरची बाजू गडद हिरवी, तर खालची बाजू बहुधा पांढऱ्या दाट लवेने झाकलेली असते, आणि पाकळ्यांच्या बुडाशी अनेकदा काळसर ठिपक्यांचे कडे दिसते. पाने मांसल असून त्यांवर पाण्याच्या थेंबांसारखे चकाकणारे दाणे असतील, तर ते लिव्हिंगस्टोन डेझी होय. तिची फुलेही उन्हाअभावी मिटतात. दोन्ही झाडे मूळची दक्षिण आफ्रिकेतील असून फुले मिटणे हा त्यांचा स्वभावच आहे. त्यासाठी कोणतीही फवारणी करू नये.

गझानियाला दिवसभर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी हलकी, वालुकामय जमीन लागते. सावलीत लावलेली रोपे जगतात, पण फुले क्वचितच उघडतात. बी पेरल्यावर मातीच्या पातळ थराने पूर्ण झाकावे, कारण उजेडात ते नीट उगवत नाही. सुमारे 20 अंश सेल्सिअस तापमानात एक ते दोन आठवड्यांत उगवण होते आणि पेरणीपासून साधारण तीन महिन्यांत फुले येऊ लागतात. पुनर्लागवड 20 ते 25 सेंटीमीटर अंतरावर करावी.

रोपे दगावण्याचे नेहमीचे कारण पाण्याचा ताण नसून अतिपाणी हे आहे, हे मी आग्रहाने सांगतो. मुळे धरल्यानंतर वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, तेही बुंध्याशी; पानांच्या गुच्छाच्या मध्यभागी पाणी साचल्यास तेथूनच कूज सुरू होते. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास पाने माजतात व फुले घटतात. सुकलेली फुले देठासह खुडावीत, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात. शिवाय वाऱ्याबरोबर बी पसरत नाही. ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियात गझानिया बागेबाहेर पसरून तण बनला आहे, म्हणून ही खबरदारी आवश्यक आहे.

संकरित वाणाच्या बियांतून तोच रंग मिळण्याची खात्री नसते. आवडलेला रंग टिकवायचा असल्यास हंगामाच्या अखेरीस बुडाजवळील बिनफुलाचे फुटवे काढून वाळूमिश्रित मातीत लावावेत आणि मुळे फुटेपर्यंत सावलीत ठेवावेत.