गावात समुपदेशक नाही. दहावीतल्या मुलीसाठी मदत कुठे मिळेल?

आधी १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा, २०२२पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. गरज पडली तर समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. फोन स्पीकरवर ठेवून अख्खं घर भोवती बसलं, की मुलगी ‘काही नाही, बरी आहे’ म्हणते आणि सगळं तिथेच संपतं. तिला फोन द्या, दार लोटून बाहेर थांबा.

फोनवर भागलं नाही, तर जिल्हा रुग्णालयात जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: झोप किती, जेवण कसं, शाळा किती दिवस बुडली. नुसतं ‘अभ्यासात लक्ष नाही’ सांगितलंत तर निम्मी माहिती घरीच राहते. स्वतःला इजा किंवा मरणाची भाषा असेल तर नोंदी-बिंदी राहू द्या. एकटं सोडू नका, थेट रुग्णालय गाठा.