फोटोत कापला गेलेला आकडा

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो पाहिला. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’, म्हणजे यकृतात थोडी चरबी, असं वाचून तू हबकलास आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल दिसल्यावर लगेच निर्धास्त झालास. मला ते हबकणंच बरं वाटलं.

माझा जन्म लॅबमध्ये गेला. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की खाली रक्ताची गुठळी, वर सिरम. चांगल्या माणसाचं सिरम वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं. कावीळ असेल तर हळद कालवल्यासारखं. आणि काहींचं चक्क दुधाळ, ट्यूबमागचं बोटही दिसू नये असं! ती रक्तातली चरबी. अशी माणसं हसतखेळत यायची, कारण दुखत काहीच नसायचं. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. असतात त्या वरच्या आवरणाला. तेव्हा ‘मला काही त्रास नाही’ हे मला सांगू नकोस.

एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं. पण चरबी साठलेली असूनही, अगदी सिरोसिस (यकृत कायमचं व्रणांनी भरून कडक होणं) असतानाही, ते कधीकधी नॉर्मल येतं.

औषधाच्या दुकानातलं लिव्हर टॉनिक आधी बंद कर. काढेही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याचं नोंदवलं होतं. त्यावर वाद झाला, पण ‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ हे मी कधीच मानलं नाही. वजन सात ते दहा टक्के उतरव. ८० किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो, तेही सावकाश, उपासमार न करता. बाटलीतली थंड पेयं सोड, त्यातल्या साखरेची यकृतात चरबी होते. बिअरही दारूच. कॉफी मात्र पी, बिनसाखरेची.

आणखी एक. मला कामावर एकदा वापरलेली सुई टोचली होती. हेपॅटायटिस बी ची लस तोवर घेतलेलीच नव्हती, चूक माझीच. पुढचे सहा महिने कसे काढले ते मलाच ठाऊक. तू आधी ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे हेपॅटायटिस बी ची रक्तचाचणी, करून घे; निगेटिव्ह आलं आणि लस झालेली नसेल तर तीन डोस घे.

वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच रक्तात मोजलं जाणारं दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून यकृत कडक होतंय का याचा अंदाज निघतो. गरज वाटली तर डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी, सांगतील. तुझ्या फोटोत नेमका प्लेटलेटचा आकडा कापला गेलाय. शनिवारी येशील तेव्हा कागदच घेऊन ये.

तुझी,
काकू