हंगाम संपेल, तेव्हा मुदतही संपलेली असेल

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मूल होत नाही म्हणून कोल्हापूरच्या एका केंद्रात पाच वेळा हार्मोनची इंजेक्शनं घेतली, तीनदा आययूआयसाठी (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), दोनदा आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबी). पीसीओडी (ओव्हरीत, म्हणजे बीजकोशात, अर्धवट वाढलेल्या बीजांच्या पिशव्या साठणं) आधीपासून होतं. चौथ्या खेपेला पोट फुगून दोन दिवस अ‍ॅडमिट व्हावं लागलं, तरी पाचवी खेप झाली. त्यानंतर फुगलेली उजवी ओव्हरी पिळली गेली आणि कणकवलीत रात्रीच काढावी लागली. याला २२ महिने झाले. आता जानेवारीत दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एएमएच (बीजांचा साठा किती उरला ते दाखवणारं हार्मोन) कमी आहे, गर्भाशयाचं अस्तरही पातळ आहे. केंद्राविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ताई विचारतात, "नुकसान जानेवारीत कळलं, म्हणजे दोन वर्षं तिथून मोजायची ना? आंब्याचा हंगाम आटपला की केस घालू."

नाही, ताई. तिथून मोजायची नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. ओव्हरी काढली ती मे महिन्यात, आणि ते तुम्हाला शुद्धीवर आल्यावर त्याच दिवशी कळलं. नुकसान लपून राहिलेलं असेल, तर कळल्यापासून मुदत मोजता येते, हे खरं. पण गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात ऑपरेशनच्या वेळी गॉज (रक्त टिपायचा जाळीदार कपडा) राहिला होता, तिचं प्रकरण बघा. तिला वर्षानुवर्षं दुखत होतं, तरी तिने वेळेत शोध घेतला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. तिथे गॉज निदान डोळ्यांआड तरी होता. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर तर तारीख छापलेली आहे.

केंद्राने मधल्या काळात "पुढची सायकल फुकट करून देतो" म्हणून झुलवत ठेवलं, असं तुम्ही लिहिता. असल्या बोलाचालीने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवली तरी वाढत नाही. मेडिकल कौन्सिलकडे अर्ज केला तरी हे घड्याळ थांबत नाही. पुरेसं कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण "आंब्याची कलमं सांभाळत होतो" हे कारण कुठल्याही आयोगासमोर सांगायची माझी हिंमत नाही.

बाकी गोष्टींबद्दल मी इतकं ठामपणे बोलणार नाही. वारंवार इंजेक्शनं घेतल्याने बीजांचा साठा संपला, हे सिद्ध करणं अवघड आहे. समोरचे डॉक्टर सांगतील की ही औषधं त्या महिन्यात एरवी सुकून जाणारीच बीजं वाढवतात. शिवाय एक ओव्हरी गेली की एएमएच खाली येऊ शकतो. अस्तर पातळ होणं क्लोमिफेनच्या (बीज वाढवायच्या) गोळ्यांनी होऊ शकतं, पण ते बहुधा गोळ्या चालू असेपर्यंतच. कॅन्सरची भीती तुम्ही लिहिली आहे, तिच्यावर केस उभी करू नका. ओव्हरी पिळणं हीसुद्धा माहीत असलेली गुंतागुंत आहे, तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. प्रश्न चौथ्या खेपेनंतरचा आहे. पीसीओडी, त्यात एकदा पोटात पाणी झालेलं, म्हणजे पुन्हा तसंच होण्याचा धोका जास्त. मग पाचव्या वेळी डोस कमी केला का? सोनोग्राफी किती वेळा झाली? आणि हा धोका तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितला का? तज्ज्ञाचं मत यावर लागेल.

आणि हे सगळं ज्या फाईलमध्ये आहे, ती फाईल तुम्ही "त्यांनी मागितली म्हणून" परत देऊन टाकली! झेरॉक्ससुद्धा नाही. साडेचार लाखांपैकी पावत्या तीन लाखांच्याच. ताई, आंब्याच्या पेटीचा हिशेब आपण वहीत ठेवतो.

आजच रजिस्टर पोस्टाने फाईलची प्रत मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते, आणि कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या एआरटी कायदा २०२१ मध्ये नोंदी किमान दहा वर्षं ठेवायला सांगितलं आहे. नाही दिली तर आयोगाकडून मागवता येईल. पण फाईलची वाट बघत तक्रार अडवून ठेवू नका. कणकवलीचं डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या ओव्हरीचा लॅब रिपोर्ट आणि आहेत त्या पावत्या एवढ्यावर दाखल करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका.

गगनबावड्याचा घाट चढायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे तुमच्यासाठी ओरोसच्या जिल्हा आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, तेव्हा फी शून्य. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात लिहिलं आहे; ते वाचून आम्ही वकील हसतो. वर्षं लागतील. त्यातली तुमच्या हातातली फक्त हे पहिले दोन महिने आहेत.

यजमानांना बागेत राहू दे. १५ एप्रिलच्या आत तुम्ही एकट्याच कागद घेऊन या, आणि पाचव्या खेपेआधी सही केलेला कागद कुठल्या भाषेत होता, ते आठवून या.