मोहीम दोन महिन्यांत का थंडावते

गणपतीआधी तुमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या तुमच्या वस्तीत, ओला-सुका कचरा वेगळा करायला सगळ्यांनी उत्साहाने सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत चारच घरं उरली. लोकांत जागृती कशी आणायची, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, जागृती कमी पडलेलीच नाही. दारातून कचरा बाहेर पडल्यावर पुढे त्याचं काय होतं, तिथे घोडं अडलंय.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या वाड्यावर पहिल्या वर्षी आम्हीही भाषणं केली, बादल्या वाटल्या, मुलांची फेरी काढली. शेजारच्या काकी दुधाच्या पिशव्या धुऊन मागच्या दारी दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या. एके दिवशी गाडी आली आणि वेगळी केलेली सगळी पोती एकाच ढिगात ओतली. काकी समोरच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोरीवर पिशव्या दिसल्या नाहीत. परत दिसायला दीड वर्ष लागलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी भंगारवाला पक्का केला, महिन्याचा पहिला रविवार ठरवला, पोती ठेवायला कोरडी जागा पाहिली आणि मगच घरोघरी गेलो. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं भंगारवाला घेत नाही, त्यांचं पोतं पहिल्यापासून वेगळं ठेवा.

आपल्या खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे, बांध पिढ्यान् पिढ्या राखले गेले ते कसे, याचा विचार करा. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मासे धरण्याच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होतं. त्याच धर्तीवर आम्ही भंगाराचे पैसे वाड्यावरच्या सप्ताहाला लावले. रक्कम मोठी नसते, पण आता लोक आपणहून विचारतात, यंदा किती जमले? पोती बांधायच्या पाळ्याही सप्ताहासारख्याच लावल्या. अखंड भजनात रात्री तीनची पाळी आली तरी माणूस उठून जातोच ना!

ओल्या कचऱ्याचं गणित पावसाळ्यात बिघडतं. जूनमध्ये खताच्या कुंडीत पाणी होतं, वास सुटतो, अळ्या पडतात, आणि घरातलं कोणीतरी कंटाळून सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरतं. कारण एकच, वर टाकायला सुका पाला नसतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तसा काजू-फणसाचा वाळलेला पाला पोत्यांत भरून पडवीत ठेवा. दरवेळी ओल्यावर मूठभर पाला टाकायचा आणि कुंडी आडोशाला ठेवायची, एवढंच. पाला आहे तिथे कुंडी सहसा बंद पडत नाही, हे मी घराघरांत पाहिलंय.

देवळातल्या महाप्रसादाला थर्माकोल बंद करायचा असेल, तर स्टीलची ताटं घेणं सोपं आहे, धुणार कोण हा खरा प्रश्न. दरवेळी त्याच चार बायका धुतात आणि पुढच्या वर्षी थर्माकोल परत येतो. मांडवाजवळ नळ आणि राखेचं घमेलं ठेवा, ज्याने त्याने आपलं ताट धुवावं. पुरुषांनी आधी धुवायला लागावं, मी हे आग्रहाने सांगतो.

तेव्हा आता नवी सभा बोलावू नका. भंगारवाल्याशी बोला आणि तीन महिने तो ठरल्या दिवशी येतो का पाहा. मग आधी त्या चार घरांकडे जा, बाकीच्यांकडे नंतर.