एकाच मातीच्या गाळण-कुंड्या, मग एक भसाभसा गळते आणि दुसरीतून थेंबही उतरत नाही, असं का?

मालवणजवळची तांबडी माती आणि भाताचं तूस मळून तुम्ही पाणी गाळायच्या कुंड्या करता. तुसाचं माप तेच ठेवूनही निकाल असा उलटसुलट येतो, म्हणून तूस वाढवू का, असं विचारलंय. कृपया एवढ्यात वाढवू नका.

तूस जळून भिंतीत राहणारी एकूण पोकळी किती, यापेक्षा छिद्रं केवढी आणि एकमेकांना जोडलेली आहेत का, यावर सगळं ठरतं. छिद्राचा व्यास निम्मा झाला की त्यातून जाणारं पाणी सोळाव्या हिश्शावर येतं! अख्खं तूस लांबट, चपटं असतं. साच्यात दाबलं की ते भिंतीला समांतर आडवं पडतं, आणि जळल्यावर राहणाऱ्या फटीही तशाच आडव्या, पाण्याच्या वाटेवर नसलेल्या. म्हणून तूस दळून एकाच चाळणीने चाळा. पावसाळ्यात ते ओल धरतं, तेव्हा खडखडीत वाळवूनच तोला.

पण माझा खरा संशय जाळावर आहे. न गळणारी एक कुंडी फोडा आणि खापराची तुटलेली कड उजेडात धरा. दोन्ही बाजूंनी तांबडी आणि मधे काळी पट्टी दिसली, तर कारण सापडलं. तूस साधारण ३०० ते ५०० अंश सेल्सिअसमध्ये जळतं, पण त्याला हवा लागते. जाळ घाईने चढवला की भिंतीच्या पोटात त्याचा कोळसाच राहतो. तो आतला प्राणवायू ओढून घेतो, आणि अशा कोंडमाऱ्यात आपल्या मातीतलं लोह तिला नेहमीपेक्षा कमी तापमानालाच वितळवू लागतं. माती आतून काच धरते, बारीक छिद्रं बुजतात. बाहेरून मात्र कुंडी झकास भाजलेली दिसते.

तेव्हा ६०० अंशांपर्यंत अगदी सावकाश चढा, आणि उतरतानाही घाई नको. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी चढताना फुगते, उतरताना आकसते. तिथे धग एकदम बदलली की केसासारख्या चिरा पडतात. भसाभसा गळणाऱ्या कुंड्यांत मी आधी याच शोधेन. माती खाडीकाठची असेल तर शिंपल्यांचे तुकडेही वेचून काढा, कारण भाजून झालेला चुना ओल लागताच फुगतो आणि खपली उडवतो.

पुढच्या वेळी कुठली कुंडी जाळाच्या तोंडाशी होती आणि कुठली मागे, याची खूण करा. भरलेल्या कुंडीतून तासाला एक ते तीन लिटर पाणी उतरलं तर ठीक. त्याहून फार भरभर गळणारी कुंडी कुणालाही पिण्याच्या पाण्यासाठी देऊ नका. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात, चिरेतून ते आरामात पार होतात.